‘आमच्या शाळेत तसं कुणी नाही!’

तृतीयपंथी मुलांविषयी शिक्षकांना प्रशिक्षण देणं ही शुद्ध थेरं आहेत, असं एका निवृत्त मुख्याध्यापकांनी परवा भर सभेत ठणकावलं. शिक्षक आधीच कामानं पिचलेत, हे खूळ पाश्चात्त्यांचं, अशानं मुलं गोंधळतात, वगैरे. शेवटी हुकमाचा एक्का : ‘36 वर्षांच्या नोकरीत माझ्या शाळेत तसं एकही मूल नव्हतं.’ टाळ्या पडल्या. त्या पडणारच.

पाश्चात्त्य खुळाचं आधी उरकतो. विराटाघरी उत्तरेला नृत्य शिकवणारी बृहन्नडा कोणत्या बोटीनं आली होती? कोल्हापूर-सांगलीकडचे जोगते पिढ्यान्‌पिढ्या सौंदत्तीच्या डोंगरावर जातात, ते काय अमेरिकेचा व्हिसा काढून? कामाचा बोजा मात्र खरा. मग निवडणुकीची कामं आणि रोज भरायच्या लिंका कमी करा म्हणावं. कात्री नेमकी याच तासावर का?

आता तो एक्का. 2011च्या जनगणनेत लिंगाच्या रकान्यात ‘इतर’ नोंदलेली माणसं सुमारे 4 लाख 88 हजार. त्यांत सहा वर्षांपर्यंतची मुलंच जवळजवळ 55 हजार. ही मुलं पुढं कुठल्या तरी शाळेच्या पायऱ्या चढलीच असतील. फक्त सरांच्या शाळेला वळसा घालून गेली म्हणायची! याच गटाची साक्षरता 56 टक्के भरली, देशाची 73च्या आसपास. मधली माणसं कुठं गळाली, हे शोधायला संशोधक नको, आठवीचा वर्ग पुरतो. हजेरीला अशा एखाद्या पोराचं नाव आलं की मागच्या बाकावरून ‘ए बायल्या’ ऐकू येतं. वर्ग हसतो, सरही मिशीत हसतात. गॅदरिंगला नवरीचं काम ठरलेलं. पीटीच्या तासाला ‘नीट चाल की रे, कंबर काय हलवतोस?’ मुतारीत मोठी पोरं वाट अडवतात, म्हणून हा पोरगा सकाळपासून पाण्याचा घोट घेत नाही. मग चाचणी बुडते, सहामाही बुडते. एके दिवशी हजेरीपटावर ‘सतत गैरहजर’ एवढाच शेरा उरतो. पुढं तो मोठेपणी कोण होणार होता, हे त्याचं त्यालाही अजून उमगलेलं नसतं. पण शाळेपुरता निकाल लागलेला असतो आणि ‘आमच्याकडे तसं कुणी नाही’ म्हणायला सर मोकळे!

मुलं गोंधळतील, हा सूर जुनाच आहे. 2007 साली राज्यातल्या शाळांत लैंगिक शिक्षणाला बंदी झाली, तेव्हा ‘मुलं बिघडतील’ म्हणून हीच मंडळी छाती पिटत होती. शाळेनं दार लावून घेतलं आणि तो विषय मोबाइलनं शिकवला. तो कसा शिकवला, हे सरांनी नातवंडांना विचारून पाहावं. विचारवत असेल तर.

2021मध्ये एनसीईआरटीनं शिक्षकांसाठी तृतीयपंथी मुलांविषयीच पुस्तिका काढली. ओरड झाली आणि काही दिवसांत ती संकेतस्थळावरून गायब! त्याच वर्षी मद्रास उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींसमोर जोडीदार म्हणून एकत्र राहणाऱ्या दोन तरुणींचं प्रकरण आलं. ‘मला या विषयातलं पुरेसं कळत नाही’ असं उघड सांगून ते समुपदेशकाकडे शिकायला बसले आणि मग निकाल दिला. उच्च न्यायालयाला शिकायची लाज वाटली नाही. आमच्या स्टाफरूमला वाटते.

आमचं मागणं काही फार नाही. कुठलं मूल कोण आहे, याचं निदान शिक्षकानं करायचंच नाही. चिडवणं तेवढं पहिल्या दिवशी थांबवायचं. एका तरी स्वच्छतागृहाला आतून कडी हवी आणि तिथं कुणालाही जाता यावं. मुलानं विश्वासानं सांगितलेली गोष्ट स्टाफरूमच्या चहाबरोबर वाटायची नाही. आणि हे ॲपवर व्हिडिओ पळवून, प्रमाणपत्र डाउनलोड करून येत नाही; शाळेत हे सगळं सोसलेलं माणूस समोर बसवावं लागतं. तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या 2019च्या कायद्याचं 13वं कलम सरकारमान्य शाळांवर भेदभावाविना सर्वसमावेशक शिक्षणाची जबाबदारी टाकतं, तेव्हा ही मेहेरबानीही नव्हे.

केंद्रप्रमुखांना एवढीच विनंती : येत्या शिक्षण परिषदेत या विषयाला दोन तास द्या, आणि त्या मुख्याध्यापकांनाही बोलवा. श्रोता म्हणून.