जरा हवा येऊ दे!

फ्लॅट घेताना आपण ‘क्रॉस व्हेंटिलेशन आहे ना?’ एवढंच विचारतो. टेक्सासमधल्या माझ्या मावसभावाची मात्र याच प्रश्नाने झोप उडाली होती. कारण दादा गॅरेजमध्ये दोन सीटचं विमान बांधतोय. हो, खरंखुरं! अमेरिकेत निम्म्याहून जास्त काम हौसेने स्वतः केलं, तर अशा विमानाला परवानगी मिळते.

वर पारदर्शक कॅनॉपी, म्हणजे उन्हात चक्क प्रेशर कुकर. ‘एसी लाव ना,’ मी म्हटलं. ‘वजन काय तू उचलणार?’ इति दादा. त्याऐवजी दोन एअर व्हेंट. बाहेरून नाका डक्ट, म्हणजे पुढे निमुळती, मागे रुंद होत जाणारी खाच. नासाच्या आधीच्या ‘नाका’ या संस्थेने १९४५च्या सुमारास ती विकसित केली. पत्र्याबाहेर काही डोकावत नाही, म्हणून वाऱ्याला अडथळा कमी. तिथून पाइप, आणि आत व्हॉल्वो बसमध्ये डोक्यावर असतात तसे फिरणारे गोल व्हेंट.

मला वाटलं, भोक पाडा, विषय संपला! पण जागा चुकली, तर एग्झॉस्टमधला कार्बन मोनॉक्साइड थेट आत. ना रंग, ना वास. आधी डोकं जड, मग गुंगी. म्हणून व्हेंट धुराच्या वाटेपासून दूर, सांधे सीलबंद आणि पॅनलवर डिटेक्टर.

पत्रा कापताना दादाचा हात थरथरला. मी टॉर्च धरून गप्प.

घरी परतल्यावर पहिलं काम काय केलं? बाथरूममध्ये गॅस गीझर आहे आणि खिडकी कायम बंद. ती उघडली. तुमची उघडी आहे ना?