'गाडी आली' : भूतकाळ की पूर्ण वर्तमानकाळ?

मराठी माध्यमातून आलेले विद्यार्थी इंग्रजी लिहिताना साधा भूतकाळ व पूर्ण वर्तमानकाळ यांची गल्लत करतात, ही पालघर-बोईसर परिसरातील अध्यापकांची जुनी तक्रार आहे. महाराष्ट्रात २००० सालापासून इयत्ता पहिलीपासूनच इंग्रजी शिकवले जाते. तरीही तक्रार उरलीच आहे. माझ्या मते या गल्लतीचे मूळ मराठी व्याकरणाच्या अध्यापनातील एका गृहीतकात आहे. म्हणून तिचा विचार मराठी विभागांनीही करावयास हवा.

'गेला' म्हणजे इंग्रजीतील साधा भूतकाळ आणि 'गेला आहे' म्हणजे पूर्ण वर्तमानकाळ, हे ते गृहीतक. प्रत्यक्ष भाषाव्यवहार मात्र निराळा आहे. बोईसर स्थानकात डहाणूकडून येणारी लोकल दृष्टीस पडताच फलाटावरचा माणूस 'गाडी आली' म्हणतो; गाडी अजून थांबायची असते. उशिरा पोचलेल्यास 'गाडी गेली' असे सांगतात. तेथे इंग्रजीत 'हॅज लेफ्ट' येईल. 'काल गाडी उशिरा आली' या वाक्यात मात्र 'केम'च हवे. एकच ल-रूप तिन्ही ठिकाणी निर्वेधपणे चालते.

उलट, 'आजोबांनी ही वाडी १९६२ साली घेतली आहे' हे निर्दोष मराठी वाक्य आहे. इंग्रजीत निश्चित कालनिर्देशाबरोबर 'हॅज बॉट' खपत नाही. येथील 'आहे' काळापेक्षा व्यवहार पक्का असल्याची ग्वाही अधिक देते. 'मी काल पालघरला गेलो होतो' यातील 'होतो'मुळे विद्यार्थी 'हॅड गॉन' लिहितो. अपेक्षित असते 'वेन्ट'.

रायखेनबाख यांनी १९४७ साली घटनेचा क्षण, बोलण्याचा क्षण व संदर्भक्षण असे तीन बिंदू कल्पून काळांची उपपत्ती मांडली. साध्या भूतकाळात संदर्भक्षण घटनेपाशी असतो, पूर्ण वर्तमानकाळात तो बोलण्याच्या क्षणापाशी येतो. तरीही इंग्रजी पूर्ण वर्तमानकाळाला 'काल' हा शब्द का सोसत नाही, हा प्रश्न उरतोच. क्लाइन यांनी १९९२ साली त्याची चर्चा 'कोडे' म्हणूनच केली. जर्मन भाषेत अशी रचना सहज चालते. 'जस्ट', 'ऑलरेडी' या शब्दांसह अमेरिकी इंग्रजीत साधा भूतकाळही रूढ आहे. म्हणजे हा नियम सार्वत्रिक तर्काचा नसून एका भाषेच्या वळणाचा आहे.

हे वळण आपण मराठीवर लादले. दादोबा पांडुरंग यांच्या १८३६ च्या व्याकरणापासून मराठी व्याकरणाच्या मांडणीवर इंग्रजी व्याकरणाची छाया राहिली. मंगरूळकरांच्या 'मराठी व्याकरणाचा पुनर्विचार' या ग्रंथाच्या नावातच जी निकड आहे, ती शालेय काळ-कोष्टकापर्यंत पोचलेली दिसत नाही.

हा प्रश्न केवळ परीक्षेतील गुणांचा नाही. तारापूर अणुऊर्जा प्रकल्पाच्या विस्तारासाठी अक्करपट्टी व पोफरण या गावांतील कुटुंबांना उठावे लागले. अशा ठिकाणचा माणूस 'आमची जमीन गेली' म्हणतो, तेव्हा त्या 'गेली'मध्ये घडलेली घटना आणि आजची उणीव दोन्ही असतात. त्याच्या अर्जाचे भाषांतर करणाऱ्याने 'वुई लॉस्ट' लिहिले, तर ती एका जुन्या घटनेची नोंद ठरू शकते. 'वुई हॅव लॉस्ट' लिहिले, तर हानी आजही उभी राहते. ही निवड कोष्टक पाठ करून साधत नाही. मूळ वाक्यातील अभिप्राय ओळखावा लागतो.

तेव्हा पदव्युत्तर वर्गांत ल-रूपाचे प्रत्यक्ष उपयोग नोंदविण्याचे काम हाती घ्यावे. स्थानक, बाजार, कारखान्यांची वसाहत, तसेच वाडवळी, मांगेली व वारली या बोली, असे क्षेत्र या जिल्ह्यात हाताशीच आहे. 'आली' आणि 'आली आहे' यांतील भेद आपण मराठीतच नीट समजावून दिला नाही, तर विद्यार्थ्याच्या इंग्रजीला दोष देण्याचा अधिकार आपल्याला उरत नाही.