वाळवंटातला पाट आणि आमचा टँकर

"आखातात आहे काय? वाळू आणि तेल!" हे वाक्य आमच्या गोव्यात इतकं ऐकू येतं की ते आता म्हणीसारखं झालंय. गंमत म्हणजे ज्याच्या घराची कौलं उतरून स्लॅब पडला तो मस्कतच्या पगारावर, त्याच्याही तोंडी हेच. पाठोपाठ दुसरं वाक्य येतं, "आम्हाला देवाने पाणी भरभरून दिलंय." या दोन्ही वाक्यांचा मला वीट आलाय.

गेल्या हिवाळ्यात मस्कतला नोकरी करणाऱ्या दोघा शाळासोबत्यांकडे गेलो होतो. शुक्रवारी त्यांची सुट्टी. चपात्या, बटाट्याची भाजी आणि थर्मासात चहा घेऊन वादी बनी खालिदला निघालो. वादी म्हणजे एरवी कोरडी पडलेली आणि पाऊस झाला की खवळणारी नदीची दरी. दोनशेवर किलोमीटरचा रस्ता, बाजूला हजर पर्वताचे उघडेबोडके डोंगर. मग गाडी घाट उतरते आणि खाली एकदम खजुराची हिरवी पट्टी! इथल्या डोहांत बाराही महिने पाणी असतं. पाय सोडून बसलो तर बोटभर मासे येऊन लुचायला लागले.

पण डोहापेक्षा माझं लक्ष पाटाकडे होतं. सिमेंटने बांधून काढलेला, खजुराच्या बागांकडे जाणारा अरुंद पाट. त्याला तिथे फलज म्हणतात. आमच्यातला एक फोंड्याकडचा, घरचं कुळागर असलेला. तो म्हणाला, "अरे, हा तर आमचाच पाट! पोफळीच्या जागी माड नाही, खजूर, एवढंच."

एवढंच नाही, मित्रा. ओमानात असे सुमारे ३,००० फलज आजही वाहतात. त्यांतल्या पाचांना २००६ साली युनेस्कोने जागतिक वारशाच्या यादीत घातलं. काही तर डोंगराच्या पोटातून कित्येक किलोमीटर भुयारातून येतात, पंपाशिवाय, नुसत्या उतारावर. फलजाचं पाणी गावात शिरलं की आधी पिण्यासाठी, मग मशिदीत हातपाय धुण्यासाठी, मग आंघोळ-धुण्यासाठी आणि शेवटी बागायतीला. बागायतदारांत वाटणी होते ती वेळेवर. अर्ध्या तासाच्या पाळीला 'अथर' म्हणतात. दिवसा काठीच्या सावलीवर आणि रात्री ताऱ्यांवर पाळी मोजायची, अशी जुनी रीत. काही पाळ्या फलजाच्याच मालकीच्या असतात. त्यांचा लिलाव होतो आणि त्या पैशांतून पाटाची डागडुजी. मस्कतला वर्षाला पाऊस पडतो जेमतेम १०० मिलिमीटरच्या आसपास. आमच्याकडे साधारण ३,०००!

हे इथे कुणाला सांगितलं की ठरलेलं उत्तर येतं. "तिथे सुलतान आहे, दंडुका आहे, म्हणून चालतं. लोकशाहीत नाही जमायचं." हे साफ खोटं आहे. फलज चालवतो तो गाव. त्याचा वकील नेमतात गावचे हिस्सेदार, आणि ही व्यवस्था आजच्या राजवटीपेक्षा कितीतरी जुनी. दुसरं म्हणजे, दंडुका नसताना आमच्याकडेही हेच चालत होतं. गावकरी काय होती? १५२६ च्या फोरालात पोर्तुगीजांनी फक्त लिहून घेतली, निर्माण केली नाही. खाजन शेतीचे बांध गाव राखत होता. खारं पाणी आत येऊ नये म्हणून मानस गाव बसवत होता, आणि मानशीवरच्या मासळीचा लिलाव होऊन पैसा यायचा. कुळागरातल्या पाटाच्या पाळ्या ठरलेल्या असायच्या. फलजाचं नाव ऐकून आश्चर्य करणाऱ्या गोंयकाराला स्वतःच्या आजोबांचं गणित ठाऊक नाही, हे खरं दुखणं.

आता ओमानला डोक्यावर घ्यायचंही कारण नाही. मस्कतच्या नळाला येतं ते बहुतेक समुद्राचं गोडं केलेलं पाणी, आणि त्याला ऊर्जा लागते. बोअरवेलींनी तिथलेही कित्येक फलज आटले. बागांत राबणारे हात पुष्कळदा बांगलादेशी असतात, त्यांना पाण्यात हिस्सा नसतो. हे सगळं मान्य. तरीही पाण्याला मालक, पाळी आणि हिशेब असतो, हे तिथल्या पोरासोरांना माहीत आहे.

आणि आम्ही? म्हादईसाठी आम्ही ओरडतो, आणि ओरडलंच पाहिजे. २०१८ च्या लवादाच्या निवाड्यात कर्नाटकाला १३.४२ टीएमसी मिळालं, गोव्याला २४, महाराष्ट्राला १.३३. कळसा-भांडुराच्या विरोधात मीही सही केलेली आहे. पण सीमेपलीकडच्यांवर बोट दाखवताना सीमेअलीकडे काय केलं? शिरगावात खाणी इतक्या खोल गेल्या की विहिरी आटल्या. ते कन्नडिगांनी केलं का? खाजनाचे बांध फुटून शेतात खारं पाणी शिरतं. कूळ कायद्यानंतर शेत कुळाचं झालं, पण बांध कुणाचा हे कुणी धड ठरवलंच नाही. त्या फुटलेल्या बांधामागे मातीचे ट्रक रिकामे होताना सगळे बघतात. धबधब्यावर गेलो की बियरच्या बाटल्या फोडून येतो. बनी खालिदला कपडे कसे घालावेत याची पाटी होती, तर आमच्यातलाच एक कुरकुरला! स्वतःच्या झरीवर पाटी लावायला मात्र याला मुहूर्त सापडत नाही.

सरकारी कारकून म्हणून अर्जांवर आवक क्रमांक घालणं हे माझं रोजचं काम. दर वर्षी मे महिना लागला की पाण्याचे अर्ज येऊ लागतात, पंचायतींचे, वाड्यांचे, सोसायट्यांचे. गेल्या मे महिन्यात मुद्दाम लक्ष ठेवलं. टँकर वाढवा, टँकर लवकर पाठवा, टँकर आमच्या वाड्यावर आधी पाठवा. झरीचा गाळ काढायला माणसं द्या, किंवा बांध दुरुस्त करतो, परवानगी द्या, असा अर्ज महिनाभरात एकही आला नाही.