गार्डमामांची बंदूक आणि आमच्या पोरांची तलवार

शिवजयंतीच्या तयारीच्या बैठकीत माझं आणि मंडळातल्या पोरांचं जरा वाजलं, त्यावर लिहितोय. वय पंच्याहत्तरीकडे झुकलेलं, शिक्षण बी.कॉम., सगळी हयात बँकेत गेली. त्यामुळे नियम म्हटलं की मी थोडा हट्टी आहे, हे आधीच कबूल.

आपल्या बेळगावची शिवजयंती वैशाखात, तिथीने. चित्ररथ बघायला रात्र रात्र लोक उभे असतात. यंदा आमच्या गल्लीचे दोन देखावे ठरले, एक मावळ्यांचा आणि एक मराठा लाइट इन्फंट्रीच्या जवानांचा. कल्पना उत्तमच. रेजिमेंटचं केंद्र 1922 पासून आपल्या गावात आहे, घराघरात कुणी ना कुणी पलटणीत गेलेला आहे. पण एका पोराने मोबाइलवर ऑनलाइन मागवलेला फूटभर लांब सुरा दाखवला. म्हणाला, "काका, कमांडोसारखा कमरेला लावतो." दुसरा म्हणाला, घरची खरी तलवार आणतो. मी म्हटलं, लाकडी करा, बेगड लावा. तर म्हणतात, "फौजीच्या कमरेला लाकडी सुरी? लोक हसतील की हो!"

तेव्हा मला आमचे गार्डमामा आठवले. ऐंशीच्या दशकात मी निपाणीला होतो. तंबाखूचा हंगाम, रोकड भरपूर. शाखेला गार्ड होते मराठा पलटणीतून निवृत्त झालेले हवालदार, हातात बँकेची बारा बोअरची बंदूक. गावात मिरवणूक होती. मी तरुण अधिकारी, उत्साहात म्हटलं, "मामा, पदकं लावा, बंदूक घ्या आणि पुढं चला. शोभा येईल."

ते म्हणाले, "पदकं लावून येतो साहेब. बंदूक न्हाई. ती बँकेची हाय, राखणीला दिल्याली. मिरवायला न्हाई." मग पलटणीतलं सांगितलं. काम संपलं की हत्यार कोतात जमा, नंबर बघून, मोजून. एक जरी कमी भरलं तरी सापडेपर्यंत कुणाला सुट्टी नाही. मामा मिरवणुकीत आले ते छातीवर पदकं लावून, रिकाम्या हातांनी. लोक वाट करून देत होते. बंदूक कुठंय, असं एकानेही विचारलं नाही.

मला ते लगेच पटलं, कारण स्ट्राँगरूमची एक किल्ली माझ्याकडे असायची, पण ती माझी नव्हती. खुर्चीची होती.

कायदाही हेच सांगतो. शस्त्र कायदा 1959 सालचा. त्याखालच्या नियमांत तलवार, खंजीर, संगीन आणि 9 इंचांपेक्षा लांब किंवा 2 इंचांपेक्षा रुंद पात्याचे सुरे शस्त्रांत मोजलेत. घरकामाची आणि शेतीची अवजारं मात्र त्यातून वगळलीत. म्हणजे शेतकऱ्याचा कोयता आणि मिरवणुकीतला सुरा यातला फरक कायद्याला कळतो. त्याच कायद्याच्या कलम 45 मध्ये सरकारी सेवक, एनसीसी, प्रादेशिक सेना यांना सूट आहे, पण कर्तव्य बजावत असताना. सूट कर्तव्याला आहे, कपड्यांना नाही. मग ज्याने नुसता वेष भाड्याने आणलाय, त्याला कुठली सूट? आणि राज्यघटनेने कलम 19 मध्ये एकत्र जमण्याचा हक्क दिला, तोही शांततेने आणि विनाशस्त्र.

पोरं म्हणाली, "काका, नियम आपल्यालाच का? सीमाभागात मराठी माणसावरच डोळा असतो." ही सल मी लहानपणापासून बघत आलोय, 1956 पासून घराघरात आहे. ती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. पण ज्याच्यावर डोळा आहे त्याने आपली बाजू अधिक स्वच्छ ठेवावी, एवढं तरी व्यवहारज्ञान हवं.

कारण किंमत कोण मोजतो ते मी पाहिलंय. निपाणीकडच्या एका खेड्यातला मुलगा, वडील फौजी पेन्शनर, माझ्या ओळखीचे. मुलगा भरतीच्या धावण्यात पास, वैद्यकीय तपासणीत पास. पण आदल्या वर्षी मिरवणुकीत तलवार नाचवल्याच्या प्रकरणात त्याचं नाव होतं. पोलीस पडताळणी अडकली. प्रकरण मिटेपर्यंत वयाची मर्यादा उलटून गेली. फौजीचा वेष घालून नाचला, खरा गणवेश मात्र अंगाला लागला नाही. वडील मला म्हणाले, "साहेब, कुणावर रागवू?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

हे सांगितल्यावर बैठक जरा शांत झाली. शेवटी ठरलं ते असं. तलवारी लाकडी. दांडपट्टा आणि लाठीकाठी मैदानात, वस्तादांच्या देखरेखीखाली, रीतसर परवानगी काढून. परंपरा टिकायची तर अशीच टिकेल. सुरा घरी. तो पोरगा अजून माझ्याशी नीट बोलत नाही. बोलेल. त्यालाही भरतीला जायचंय.

मिरवणुकीला या. आमच्या रथापुढे गल्लीतले दोन निवृत्त सुभेदार चालणार आहेत, पदकं लावून, हात रिकामे. तुमच्या मंडळात काय ठरलंय, तेही लिहा.