अश्रूंवर वकिलाती उभ्या राहत नाहीत

देशादेशांतली मैत्री माणुसकीतून जन्मते, तह आणि वकिलाती हा नंतरचा कागदी सोपस्कार, असे एका विद्वान वक्त्यांनी नुकतेच ठासून सांगितले. पुरावा एकच, तुर्कस्तान-जपान. १६ सप्टेंबर १८९० च्या रात्री एर्तुग्रुल ही उस्मानी युद्धनौका जपानच्या ओशिमा बेटाजवळ वादळात फुटली. पाचशेहून अधिक माणसे बुडाली, ६९ वाचली. गावकऱ्यांनी त्यांना आपले कपडे आणि अन्न दिले, जपानी युद्धनौकांनी इस्तंबूलला पोचवले. वक्त्यांच्या मते संबंध तिथेच जुळले.

मग राजनैतिक संबंध १९२४ पर्यंत का रखडले? या ३४ वर्षांचा हिशेब वक्ते देतच नाहीत. उस्मानी राज्यात युरोपीयांवर तिथल्या न्यायालयात सहसा खटला चालत नसे, जकातीतही त्यांना सवलत असे. जपानने तहासाठी हेच विशेषाधिकार मागितले आणि इस्तंबूलने ते नाकारले. लक्षात घ्या, पाश्चात्त्य देशांशी झालेल्या १८५८ च्या तहांनी स्वतः जपानवरही असलीच मानहानी लादली होती. त्यातला न्यायालयांचा भाग झुगारायला त्याला १८९९ उजाडले. आपल्याला बोचलेला काटा दुसऱ्याच्या पायात रुतवू पाहणारे हे सरकार बुडणाऱ्यांना वाचवणाऱ्या गावकऱ्यांचेच होते. युद्धनौका दिल्या तरी गावाची करुणा टोकियोच्या तहाच्या दप्तरात पोचलीच नाही. पहिल्या महायुद्धात तर दोघे विरुद्ध गोटांत होते. १९४५ च्या फेब्रुवारीत तुर्कस्तानने जपानविरुद्ध युद्धही पुकारले.

हा वाद मला नवा नाही. चीनमध्ये रुग्णसेवा करताना प्राण ठेवलेल्या सोलापूरच्या डॉक्टरच्या पुण्याईवर भारत-चीन मैत्री तरेल, असे म्हणणारेही होते. त्यांना १९६२ च्या भारत-चीन युद्धाने उत्तर दिले.

माझे म्हणणे एवढेच की संबंध बरोबरीतून जुळतात. १९२३ च्या लोझान तहाने तुर्कस्तानातले परकीयांचे ते विशेषाधिकार मोडीत काढले. त्या तहावर जपानचीही सही होती. पुढच्याच वर्षी संबंध जुळले आणि १९२५ मध्ये दूतावास उघडले. आठवणीचे बळ मी नाकारत नाही. मार्च १९८५ मध्ये इराण-इराक युद्धात तेहरानला अडकलेल्या २१५ जपान्यांना तुर्की विमानांनी बाहेर काढले, तेव्हा एर्तुग्रुलचे ऋण फेडल्याची भावना तुर्कांनी बोलून दाखवली. पण तोवर दोन्ही देश बरोबरीने वागू लागून दशके लोटली होती.

वक्त्यांनी ओशिमाच्या गावकऱ्यांना जरूर वंदन करावे, मीही करतो. मात्र त्यांच्या पुण्याचे श्रेय त्यांच्या सरकारला देऊ नये.