शेवटी चुकतो तोच गुन्हेगार?

गेल्या विकांताला घरी, म्हणजे जळगावला मेहरूणमध्ये होतो. संध्याकाळी तलावाकडे चक्कर मारायला गेलो तर काठावर पाच-सहा कॉलेजची पोरं बसलेली. कागदाच्या पुडीतली बोरं खाणं चाललं होतं आणि त्याहून जोरात वाद चालला होता. विषय: आदल्या दिवशी त्यांच्या कॉलेजनं १-२ अशी हरलेली फुटबॉलची मॅच. शेवटची दोन-तीन मिनिटं उरलेली असताना यांच्या डिफेंडरनं गोलकीपरला बॅकपास दिला. तो हळू गेला, समोरच्या स्ट्रायकरनं मधेच गाठला आणि गोल. खेळ खल्लास.

"त्यानंच घालवली भो मॅच."

"डोकंच नाही त्याला. बॉल बाहेर मारायचा ना सरळ!"

"मी तर आधीच म्हणून राहिलो होतो, याला घेऊ नका."

मी फुटबॉलमधला तज्ज्ञ नाही, पण नाक खुपसायची खोड जुनी आहे. म्हणून विचारलं, आता कुठंय तो? तर म्हणे ग्रुपमधून निघून गेला, फोन उचलून नाही राहिला. त्याच्या फोटोवर काहीबाही लिहून रात्रीतून कॉलेजभर फिरवलं होतं. ते मलाही दाखवलं. दाखवताना हसत होते.

मग मी जरा खोदून विचारलं. पहिल्या हाफमध्ये काय झालं? तर यांनी दोन सोपे चान्स घालवले होते. त्यातला एक तर "त्याला घेऊ नका" म्हणणाऱ्यानंच. पहिला गोल कसा खाल्ला? कॉर्नरवर समोरच्या उंच पोराला कुणी धरलंच नव्हतं. शेवटी काय झालं? डावीकडच्या पोराच्या पायात गोळे आले होते, पण बदली खेळाडू संपले होते, म्हणून हा बिचारा दोघांची जागा सांभाळत होता. आणि हो, पहिल्या हाफमध्ये गोललाइनवरून एक बॉल त्यानंच बाहेर काढला होता.

"हां, ते पण आहे," एक जण म्हणाला. आणि परत सगळे त्या बॅकपासवर!

माझा आक्षेप नेमका इथे आहे. आपण हरलेल्या मॅचचं जे काही करतो त्याला 'विश्लेषण' म्हणतो, पण ते विश्लेषण नसतंच. ती फक्त शेवटचं नाव शोधायची घाई असते. आणि या घाईत एकोणीस-वीस वर्षांच्या पोराला आपण किती सहज चिरडतो, याचं आपल्याला काही वाटत नाही.

आधी साधा हिशोब बघू. थोडक्यात हरलेल्या मॅचमध्ये कुठलीही एक चूक काढून टाकली की निकाल बदलतो. एका गोलानं हरलात तर हुकलेला प्रत्येक चान्स 'मॅच घालवणारा' असतो. दोन रनांनी हरलात तर सोडलेला प्रत्येक कॅच, दिलेला प्रत्येक वाइड, न पळलेली प्रत्येक दुसरी रन तितकीच 'जबाबदार' असते. मग आपण त्यातली एकच का उचलतो? कारण ती शेवटची असते, आणि शेवटचं तेवढं लक्षात राहतं. लक्षात राहणं आणि कारण असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढंच मला म्हणायचंय. पण एवढंच कुणी ऐकत नाही!

मराठी माणसाला यासाठी १९९१ च्या मे महिन्यातली वानखेडेवरची रणजी फायनल आठवायला हरकत नाही. मुंबई (तेव्हाची बॉम्बे) विरुद्ध हरयाणा. हरयाणानं पहिल्या डावात ५२२ केले, त्यात एकट्या दीपक शर्माचे १९९. मुंबईचे ४१०. म्हणजे ११२ ची आघाडी. दुसऱ्या डावात हरयाणा २४२, त्यामुळे मुंबईला शेवटच्या दिवशी ३५५ हवे होते. मुंबईची सुरुवात ३ बाद ३४. मग सचिनचे ९६, वेंगसरकरचे नाबाद १३९. नववी विकेट ३०५ वर पडली तेव्हा कुणीही नाद सोडून दिला असता. पण वेंगसरकर आणि अबे कुरुविला यांनी शेवटच्या जोडीला ४७ जोडले. वेंगसरकरच्या पायात गोळे आलेले, त्याच्यासाठी लालचंद राजपूत पळत होता. आणि विजय तीन रनांवर असताना कुरुविला रनआउट झाला. ३५२ ऑल आउट. दोन रनांनी हार. वेंगसरकर मैदानावरच रडला.

आमचे एक काका अजून सांगतात, "कुरुविलानं घालवली." अहो काका, कुरुविला अकरा नंबरचा बॅट्समन! जवळजवळ हरलेली मॅच विजयाच्या तीन रनांवर आणून ठेवण्यात त्याचा वाटा होता. तो दुसऱ्याच बॉलला सरळ बोल्ड झाला असता तर मुंबई पंचेचाळीस-पन्नास रनांनी हरली असती आणि त्याचं नावही कुणी घेतलं नसतं. म्हणजे लवकर नापास झालात तर माफी, आणि शेवटपर्यंत झुंजून थोडक्यात पडलात तर जन्मठेप. हा कुठला न्याय? आणि पहिल्या डावात ज्या बोलिंगवर ५२२ निघाले, ज्या ११२ रनांचं ओझं पाठीवर घेऊन मुंबई शेवटच्या दिवशी उतरली, त्याचा हिशोब कुणी मागायचा? तो नाही मागत कुणी. कारण ते पहिल्या दोन-तीन दिवसांत झालं. तेव्हा काका ऑफिसात होते.

अजून एक गंमत. मॅच ड्रॉ झाली असती तर पहिल्या डावातल्या आघाडीवर कप हरयाणाकडेच जाणार होता. म्हणजे मुंबईला धोका पत्करण्यावाचून गत्यंतरच नव्हतं. "सांभाळून खेळायला पाहिजे होतं" असं म्हणणाऱ्यानं निदान नियम तरी वाचावेत. निर्णय बरोबर असूनही निकाल वाईट लागू शकतो, हे आपल्याकडे शाळेत शिकवत नाहीत की काय?

हरयाणाच्या त्या जिंकलेल्या संघात चेतन शर्माही होता. हे नाव घेतलं की काय आठवतं? शारजा, १८ एप्रिल १९८६, शेवटचा बॉल, चार रन हव्यात, फुलटॉस, मियाँदादचा सिक्स. एवढंच ना? पण त्याच मॅचमध्ये भारत १ बाद २१६ वरून ७ बाद २४५ वर थांबला होता. शेवटच्या षटकांत आणखी पाच-दहा रन निघाल्या असत्या तर तो शेवटचा बॉल कसाही पडला असता तरी काय बिघडलं असतं? त्या घसरगुंडीची बदनामी कुणाच्या वाट्याला आली? कुणाच्याच नाही, कारण ती सहा जणांत वाटली गेली. सहा जणांत वाटलेली चूक दिसत नाही, एकट्याची दिसते. पुढच्याच वर्षी, १९८७ मध्ये, याच चेतन शर्मानं नागपूरला न्यूझीलंडविरुद्ध वर्ल्ड कपमधली पहिली हॅटट्रिक घेतली. पण चाळीस वर्षं माणसाच्या कपाळावर चिकटला तो एक बॉल.

आता फुटबॉलकडेच येतो, नाहीतर पोरं म्हणतील हा क्रिकेटवाला काय बोलून राहिला. १४ जानेवारी २०१९, एशियन कप, भारत विरुद्ध बहारीन. ड्रॉ केला तरी भारत पुढच्या फेरीत जाणार होता. नव्वद मिनिटं ०-० आणि मग इंज्युरी टाइममध्ये प्रणय हलदरच्या पायानं फाउल झाला, पेनल्टी, गोल, घरी परत. त्या रात्री सगळ्यांच्या तोंडी एकच नाव. पण ही वेळ आलीच का? आधीच्या मॅचमध्ये यूएईविरुद्ध आपण ०-२ हरलो, त्यात आपला बॉल दोनदा गोलच्या दांडीवर आपटला होता. बहारीनविरुद्ध पहिल्या काही मिनिटांतच अनस हा मुख्य डिफेंडर जखमी होऊन बाहेर गेला. आणि ड्रॉ पुरतोय म्हणून संघ मागे मागे सरकत गेला. नव्वद मिनिटं आपल्याच गोलसमोर गर्दी करून उभं राहिलं की कधीतरी कुणाचा तरी पाय चुकीच्या जागी पडणारच. कुणाचा पडेल ते नशीब, पण पडेल हे जवळजवळ नक्की. हलदर तिथे नसता तर दुसरा कुणी असता. प्रश्न विचारायचा तर 'हलदरनं असं का केलं' हा नाही, 'आपण नव्वद मिनिटं तिथे का उभे होतो' हा आहे.

आमच्या धंद्यात हे रोज घडतं. रात्री दोन वाजता सर्व्हर झोपतो, क्लायंट बोंबलतो, आणि पहिला प्रश्न काय? "शेवटचा कोड कुणी टाकला?" त्यासाठी गिटमध्ये चक्क 'ब्लेम' नावाची कमांडच आहे. ती काय सांगते? त्या ओळीला शेवटचा हात कुणाचा लागला, एवढंच. टेस्ट का नव्हती, रिव्ह्यू करणाऱ्यानं न वाचता का पास केलं, शुक्रवारी संध्याकाळी रिलीज करायचा हट्ट कुणाचा, आणि तो पोरगा सलग किती तास जागा होता, हे ती सांगत नाही. शहाण्या कंपन्या हे ठेच खाऊन शिकल्या. गूगलच्या लोकांनी २०१६ मध्ये आपल्या कामाच्या पद्धतीवर पुस्तक लिहिलं, त्यात एक अख्खं प्रकरण यावर आहे की घोटाळ्यानंतरची चौकशी माणसाला दोष न देता करायची. भलेपणा म्हणून नव्हे हो, स्वार्थ म्हणून! माणूस घाबरला की खरं सांगत नाही, आणि खरं कळलं नाही की तोच घोटाळा पुढच्या महिन्यात परत.

मॅचचंही तेच. त्या डिफेंडरला उद्या कुणी विचारलं, "बॅकपास का दिलास?" तर तो काय सांगेल? कदाचित हे की समोर पास द्यायला कुणी मोकळंच नव्हतं. कदाचित हे की पायात त्राण नव्हतं. दोन्ही गोष्टी संघाला पुढच्या वर्षी उपयोगी पडतील अशा आहेत. पण तो सांगणार नाही. तो ग्रुपमधून निघून गेलाय. तुम्ही विश्लेषण करता करता तुमचा एकमेव साक्षीदार हाकलून दिलात!

आणि ते "मी आधीच म्हणून राहिलो होतो" प्रकरण. बारूक फिशहॉफ नावाच्या मानसशास्त्रज्ञानं १९७५ मध्ये प्रयोग करून दाखवलं होतं की निकाल कळल्यावर माणसाला तो निकाल आधीपासूनच जास्त शक्य होता असं वाटायला लागतं, आणि आपल्या डोक्यात असं काही झालंय याची त्याला जाणीवही नसते. तेव्हा काठावर बसून "मला माहीतच होतं" म्हणणारा खोटं बोलत नसतो. त्याला खरंच तसं वाटत असतं. म्हणूनच त्याच्यावर विश्वास ठेवू नये.

आता यावर ठरलेला सवाल येणार: "म्हणजे कुणाची काही चूकच नाही का? सगळ्यांना शाबासकी देऊन घरी पाठवायचं?" अजिबात नाही. चूक ती चूक. तो पास हळू होता, आणि त्याला ते सांगितलं पाहिजे. कोचनं सांगावं, मैदानावर सांगावं, बॉल घेऊन पन्नास वेळा तोच पास करून घ्यावा. माझं म्हणणं एवढंच की त्याच वहीत कॉर्नरवर माणूस न धरणाराही लिहा, दोन चान्स घालवणारे लिहा, बदली खेळाडू लवकर संपवणाराही लिहा. आणि समोरचा संघ चांगला खेळला असेल तर तेही लिहा. आपल्याकडे हरलो की फक्त आपण चुकतो, समोरचा कधी चांगला खेळतच नाही. त्या स्ट्रायकरनं शेवटच्या मिनिटालाही पळत जाऊन तो बॉल गाठला, याचं कौतुक मला त्या पाऊण तासात एकदाही ऐकू आलं नाही.

"एवढं काय, मस्करी तर करतोय," हाही सवाल येतो. कोलंबियाच्या आंद्रेस एस्कोबारकडून १९९४ च्या वर्ल्ड कपमध्ये अमेरिकेविरुद्ध स्वतःच्याच गोलमध्ये बॉल गेला. दहा दिवसांनी, २ जुलैला, मेदेयिन शहरात त्याला गोळ्या घालून मारलं. मेहरूणच्या काठावर कुणी पिस्तूल घेऊन बसलेलं नाही, मान्य. पण 'मॅच यानंच घालवली' हे वाक्य सगळीकडे सारखंच असतं, आणि ते ज्याच्यावर पडतं तो ते किती दिवस वाहतो हे म्हणणाऱ्याला कळत नाही.

निघताना मी पोरांना एवढंच म्हणालो की त्याला फोन करा, आणि नाही उचलला तर घरी जा. एक जण म्हणाला, "जाऊन काय बोलायचं भो?" मी म्हटलं, गोललाइनवरून काढलेल्या बॉलबद्दल बोला. त्यावर जरा वेळ कुणी काही बोललं नाही. मग ज्यानं तो सोपा चान्स घालवला होता, तो पुडीतली उरलेली बोरं खिशात टाकत म्हणाला, "घर माहिती आहे मला त्याचं."

गेला की नाही, ठाऊक नाही. मला रात्रीची पुण्याची गाडी पकडायची होती. पण काका, तुम्ही हे वाचत असाल तर कुरुविलाचं तेवढं जरा मनावर घ्या.