परवान्यासोबत चार पाने माहितीचीही द्या

प्रति,
मा. परिवहन आयुक्त,
महाराष्ट्र राज्य



परदेशात गाडी चालवू इच्छिणाऱ्या नागरिकांना आपल्या अखत्यारीतील आरटीओ कार्यालये आंतरराष्ट्रीय वाहनचालक परवाना देतात. सारथी पोर्टलवर अर्ज करायचा, फॉर्म ४-अ भरायचा, १००० रुपये शुल्क भरायचे, की एक वर्ष मुदतीची ती लहानशी पुस्तिका हातात येते. तिच्यात आपले नाव असते, छायाचित्र असते आणि कोणत्या प्रकारची वाहने चालवता येतील याचा तक्ता वेगवेगळ्या भाषांत असतो. तिथल्या रस्त्यावर गेल्यावर काय वेगळे असेल, कॅमेऱ्यात वेग टिपला गेला तर पुढे काय होईल, आलेल्या पत्राचे काय करायचे, यातले काहीही तिच्यात नसते. हे बदलावे, अशी विनंती करण्यासाठी हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे.

मी पुण्यात जर्मन शिकवते. ओळखीपाळखीत कुणाकडे स्वित्झर्लंड, जर्मनी किंवा ऑस्ट्रियातून सरकारी पत्र आले की ते वाचून घ्यायला माझ्याकडे येते. पूर्वी अशी पत्रे विद्यापीठांची आणि नोकरीची असत. आता भाड्याच्या गाडीच्या दंडाची पत्रेही येऊ लागली आहेत. लोक टूर कंपनीच्या बसऐवजी स्वतः गाडी घेऊन फिरू लागले आहेत. आई-वडील, मुले, सगळ्यांचे सामान, सोबत थालीपिठाची भाजणी, आणि आपल्याला हवे तिथे थांबायचे स्वातंत्र्य. मला ही सहल फार आवडते आणि ती लोकांनी करावी असेच वाटते. पण मे महिन्यात केलेल्या सहलीची पत्रे गणपती-दिवाळीच्या सुमारास घरी येतात, तेव्हा त्या घरातली घबराट मी पाहिली आहे.

पत्रात आरडाओरडा काही नसतो. तारीख, मिनिटापर्यंत वेळ, रस्त्याचे नाव, तिथली वेगमर्यादा, यंत्राने मोजलेला वेग, यंत्राची संभाव्य चूक म्हणून वजा केलेले काही किलोमीटर आणि उरलेला वेग. खाली रक्कम. स्वित्झर्लंडमध्ये वस्तीतल्या ५० च्या मर्यादेत ही वजावट करूनही वेग १ ते ५ किलोमीटर जास्त भरला, तर ४० फ्रँक. ६ ते १० जास्त असेल तर १२० आणि ११ ते १५ जास्त असेल तर २५० फ्रँक, म्हणजे पंचवीस हजार रुपयांच्या आसपास. १५ च्या पुढे गेले की ठरावीक दंडाची सोयच संपते आणि रीतसर खटल्याची वाट सुरू होते. वस्तीतून ६६ ने जाणे हा आपल्याकडे कुणाला गुन्हा वाटत नाही. लुसर्नहून ब्रुनिगचा घाट उतरून इंटरलाकेनकडे जाताना तळ्याकाठच्या गावांतून तेवढा वेग सहज लागतो. रस्ता गुळगुळीत असतो, माणूस दिसत नाही आणि गाडीचा आवाजही येत नाही.

गैरसमज खरे तर पत्र येण्याच्या आधीच सुरू होतो. कॅमेरा टिपतो तो गाडीचा नंबर. पोलिसांचे पत्र प्रथम जाते गाडीच्या मालकाकडे, म्हणजे भाड्याने देणाऱ्या कंपनीकडे. कंपनी करारपत्रावरून चालकाचे नाव-पत्ता कळवते आणि या कामाचे वेगळे शुल्क ग्राहकाच्या क्रेडिट कार्डावरून वळते करते. तीस-चाळीस युरोंची ही नोंद कार्डाच्या हिशेबात दिसली की लोकांना वाटते, दंड वळता झाला, विषय मिटला. प्रत्यक्षात तो दंड नसतोच. तो नुसता पत्ता कळवण्याचा आकार. खरा दंड अजून वाटेत असतो. माझ्या एका विद्यार्थिनीच्या वडिलांनी याच समजुतीने मूळ पत्र बाजूला ठेवले आणि मुदत गेल्यावर कार्यवाहीचा खर्च जोडलेले दुसरे पत्र आले. स्वित्झर्लंडमध्ये पहिल्या पत्रानंतर ३० दिवसांत रक्कम भरली तर कोणी काही विचारत नाही. त्यानंतर मात्र प्रकरण नियमित कार्यवाहीत जाते. इटलीत परदेशी रहिवाशाला नोटीस पाठवायला कायद्याने ३६० दिवस दिलेले आहेत. म्हणजे या उन्हाळ्यातल्या सहलीचे पत्र पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडावरही येऊ शकते, आणि तोवर कोणत्या दिवशी गाडी कोण चालवत होते हेसुद्धा घरात कुणाला आठवत नाही. फ्लॉरेन्स, पिसा, रोमसारख्या शहरांच्या जुन्या भागात बाहेरच्या गाड्यांना बंदी असते. तिथे शिरताना वेगाचा प्रश्नच नसतो, तरी नुसत्या प्रवेशाला दंड लागतो.

शिवाय पत्त्याचा घोळ. आपल्या पत्त्यात मंदिरामागची गल्ली असते, सोसायटीचे नाव असते, विंग असते. काउंटरवर घाईत भरलेल्या फॉर्मच्या आखूड रकान्यात यातले निम्मेच मावते. पत्र सोसायटीच्या पेटीत पडून राहते किंवा येतच नाही. आले तर परक्या भाषेतले असते, खाली परदेशी बँकेचा खाते क्रमांक असतो, आणि फसवणुकीच्या बातम्या रोज वाचणारा माणूस ते फाडून टाकतो. त्याला मी दोष देऊ शकत नाही. खरी नोटीस कशी ओळखावी, हे त्याला कुणीतरी आधी सांगायला हवे होते.

आता थोडे कटू लिहिते. ही पत्रे घेऊन आलेल्यांच्या तोंडून मी एक वाक्य वारंवार ऐकते: ‘तिथून कोण येणार वसूल करायला?’ हे वाक्य परदेशात तयार झालेले नाही. ते इथल्या ई-चलानवर तयार झाले आहे. मोबाइलवर चलान आले की लोकअदालतीची वाट पाहायची, तिथे रक्कम कमी करून घ्यायची आणि पुन्हा त्याच वेगाने निघायचे, ही सवय आपण सगळ्यांनी मिळून लावून घेतली आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर कॅमेऱ्याच्या कमानीपुरते ब्रेक दाबून पुढच्या क्षणी गाडी पळवणारी माणसे आपण रोज पाहतो. हीच माणसे विमानात बसतात. इटलीच्या महामार्गावर सरासरी वेग मोजणारी यंत्रणा असते. दोन कमानींमधले अंतर किती वेळात कापले यावरून ती हिशेब करते, तिथे कमानीखाली वेग कमी करून उपयोग होत नाही. तिथली १३० ची मर्यादा पावसात ११० होते, हेही आपल्या माणसाला ठाऊक नसते.

न कळण्याचे प्रकार आणखीही आहेत आणि त्यात हेतू वाईट नसतो. जर्मनीत गावाबाहेरच्या साध्या रस्त्यावर मोटारीला १०० ची मर्यादा असते. पुढे पिवळी पाटी येते, तिच्यावर गावाचे नाव. आपल्याला ती नुसती नावाची पाटी वाटते. तिथे ती वेगमर्यादेची पाटी असते: या पाटीपासून ५०, गावाच्या दुसऱ्या टोकाला नावावर तांबडी तिरकी रेघ मारलेली पाटी दिसेपर्यंत. ऑस्ट्रिया, फ्रान्स आणि इटलीतही गावाची पाटी हेच सांगते, फक्त रंग वेगळे असतात. पाटीवर आकडा नसतो, म्हणून आपला चालक १०० वरून जेमतेम ८० वर येतो आणि गावात शिरतो. ऑस्ट्रियात इन्सब्रुकच्या बाजूला, वॅटन्सचे स्फटिकांचे संग्रहालय पाहून ब्रेनरमार्गे इटलीकडे जाणारी मराठी कुटुंबे मोठ्या रस्त्याला लागतात. ऑस्ट्रियात महामार्गाला १३० हे त्यांनी वाचलेले असते. पण इन्सब्रुकजवळच्या खोऱ्यात हवेच्या प्रदूषणासाठी १०० ची मर्यादा आहे. पाटीवर आकड्यासोबत जी आद्याक्षरे असतात, त्यांचा अर्थ ठाऊक नसेल तर माणूस ती सोडून देतो. आणि जर्मनीच्या ऑटोबानवर वेगाला बंधन नाही ही गोष्ट आपल्याकडे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. त्याच ऑटोबानच्या मोठ्या भागावर मर्यादा लावलेल्या असतात आणि काम चालू असलेल्या पट्ट्यात ८० किंवा ६० हवेत, हे मात्र मोठ्यांनाही ठाऊक नसते. तिथे गावात ३१ किलोमीटरने मर्यादा ओलांडली तर दंडासोबत महिनाभर गाडी चालवायची बंदी येते. परवाना भारताचा असला तरी जर्मनीच्या भूमीवर ती लागू होते.

आपण म्हणाल, हे शोधून काढणे ज्याचे त्याचे काम आहे. आहेच. सहलीसाठी लाखो रुपये खर्चणाऱ्याने वेगमर्यादा वाचायला अर्धा तास काढला पाहिजे, आणि झालेला दंड निमूटपणे भरलाही पाहिजे. तरीही सरकारची जबाबदारी इथे संपत नाही, असे मला वाटते. १९४९ च्या जिनिव्हा रस्तावाहतूक कराराचा भारत सदस्य आहे. परदेशी परवान्यावर गाडी चालवू देण्यामागची त्या करारातली अटच अशी आहे, की परवाना देणाऱ्या देशाने चालकाच्या लायकीचा पुरावा घेतलेला असावा. ऑस्ट्रियातल्या खेड्यातून आपला चालक जातो तेव्हा तिथल्या लोकांनी त्याची परीक्षा घेतलेली नसते. त्यांनी आपल्या आरटीओच्या परीक्षेवर विसंबून त्याला रस्ता मोकळा केलेला असतो. पुस्तिकेवर भारत सरकारचे नाव असते.

त्या विश्वासाचे मोल केवळ दंडाच्या रकमेत मोजता येत नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली आणि त्यांतल्या ७१ टक्क्यांहून अधिक मृत्यूंमागे अतिवेगाचे कारण नोंदले गेले. त्याच वर्षी स्वित्झर्लंडमध्ये रस्त्यावर २४१ माणसे गेली. लोकसंख्येतला फरक धरला तरी दोन्ही आकड्यांमधले अंतर भरून निघत नाही. जागतिक आरोग्य संघटना सांगते की सरासरी वेग एक टक्क्याने वाढला की जीवघेण्या अपघाताचा धोका सुमारे चार टक्क्यांनी वाढतो. ४० फ्रँकची ती क्षुल्लक वाटणारी नोटीस या हिशेबातून आलेली आहे. पत्र वाचून दाखवताना मी हे सांगते तेव्हा माणसे चिडत नाहीत, ऐकून घेतात. अडचण एवढीच, की ते सहल संपल्यावर सांगितले जाते.

न्यूझीलंडने याच प्रश्नावर केलेले काम आपण पाहावे. तिथे दक्षिण बेटावर परदेशी पर्यटकांच्या अपघातांची चिंता वाढल्यावर २०१४ पासून ओटागो, साउथलँड आणि वेस्ट कोस्ट या भागांत पाहुण्या चालकांसाठी स्वतंत्र प्रकल्प राबवला गेला. भाड्याच्या गाड्यांच्या स्टिअरिंगवर सूचनांची पट्टी अडकवली गेली, रस्त्यावर डावीकडून चालण्याचे बाण रंगवले गेले, पर्यटकांच्या भाषांत माहिती तयार झाली. दंड करणे थांबले नाही. पण पाहुण्याला आधी सांगणे हे यजमानाने आपले काम मानले. आपण तर पाहुण्याला घरून पाठवणारे आहोत. आपल्याला सांगायला अधिक वेळ आहे आणि सांगायची भाषाही आपलीच आहे.

माझी मागणी छोटी आहे. परवाना देण्याआधी परदेशी नियमांची चाचणी सक्तीची करायची तर केंद्रीय मोटार वाहन नियम बदलावे लागतील. तो अधिकार राज्याचा नाही, म्हणून मी त्याचा आग्रह धरत नाही. मात्र परवान्यासोबत मराठीत चार पाने देणे आणि तीच संकेतस्थळावर ठेवणे आपल्या हाती आहे. मराठी माणूस जिथे गाडी घेऊन फिरतो ते देश घ्यावेत: स्वित्झर्लंड, जर्मनी, ऑस्ट्रिया, इटली, फ्रान्स, ब्रिटन, संयुक्त अरब अमिराती, न्यूझीलंड. प्रत्येकाच्या वेगमर्यादा, पाट्यांची रंगीत चित्रे आणि कुठल्या बाजूने चालायचे ते त्यात असावे. दंडाचे पत्र साधारण कधी येते, भाड्याच्या कंपनीचे शुल्क आणि दंड या दोन वेगळ्या गोष्टी कशा, नोटीस खरी आहे हे संबंधित पोलिसांच्या अधिकृत संकेतस्थळावर कसे पडताळायचे, चूक वाटली तर हरकत किती दिवसांत नोंदवायची, हे असावे. करारपत्र आणि गाडी परत केल्याची पावती निदान दीड वर्ष जपून ठेवा, पत्ता पिनकोडसह पूर्ण लिहा, गाडी कोण कुठून कुठपर्यंत चालवणार त्याची रोज नोंद ठेवा, हेही त्यात सांगावे. केंद्र सरकारने २०२२ मध्ये देशभर एकच नमुना ठरवताना या परवान्यावर मूळ लायसन्सशी जोडणारा क्यूआर कोड आणला. तसाच दुसरा कोड आपल्या चार पानांवर छापला तर नियम बदलतील तशी माहितीही बदलता येईल.

जर्मन भाषा बोलणाऱ्या तिन्ही देशांपुरता मजकूर मी मराठीत विनामूल्य लिहून देईन. त्यात पाट्यांचे अर्थ असतील आणि नोटिशीतल्या प्रत्येक रकान्याचा अर्थही असेल. तो आपल्या अधिकाऱ्यांनी त्या देशांच्या वकिलातींकडून तपासून घ्यावा. इटालियन आणि फ्रेंच शिकवणारे माझे सहकारीही तयार आहेत. उन्हाळी सहलींचे अर्ज फेब्रुवारीपासून येऊ लागतात. त्याआधी मजकूर छापून व्हायचा असेल तर दिवाळीनंतर लगेच कामाला लागावे लागेल. कोणत्या अधिकाऱ्यांना भेटायचे तेवढे कळवावे. मी माझ्याकडे आलेल्या पत्रांचे नमुने, नावे-पत्ते झाकून, सोबत घेऊन येईन.

आपली नम्र,
जर्मन भाषेची एक शिक्षिका, पुणे